उत्पन्नाचा चौथा रकाना आधी खोड

प्रिय मित्रा,

वसंतातल्या अमेरिकन फुटबॉल लीगचा तुझा आराखडा वाचला. मेहनत दिसते, पण उत्पन्नाच्या बाजूचा चौथा रकाना आधी खोड. 'तयार झालेले खेळाडू एनएफएलला देऊन मिळणारं शुल्क' असं तिथे लिहिलंयस. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची सर्वांत मोठी लीग, पण तिच्याकडून एक डॉलरही धरू नकोस. सॉकरमध्ये क्लब पोरगा घडवतो आणि मोठ्या क्लबाकडून ट्रान्सफर फी वसूल करतो. एनएफएलला तशी गरजच पडत नाही, कारण दरवर्षी कॉलेजं तिला फुकटात खेळाडू तयार करून देतात. ब्रँडन ऑब्री हा किकर (लाथेने चेंडू मारून गुण मिळवणारा खेळाडू) यूएसएफएल या वसंतातल्या लीगच्या बर्मिंगहॅम स्टॅलियन्सकडून खेळला आणि 2023 मध्ये एनएफएलच्या डॅलस काउबॉइजकडे गेला. डॅलसला हुकमी किकर मिळाला, बर्मिंगहॅमच्या वाट्याला नवा किकर शोधण्याचं काम आलं.

हा धंदा खुद्द एनएफएलनेही करून पाहिलाय. एनएफएल युरोप तिच्याच पैशावर चालायची. कर्ट वॉर्नर 1998 मध्ये ॲमस्टरडॅम ॲडमिरल्सकडून खेळला आणि पुढे सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. तरी वर्षाला सुमारे 3 कोटी डॉलरचा खड्डा भरत बसण्यात मालकांना रस उरला नाही आणि 2007 च्या हंगामानंतर दुकान बंद झालं. शेवटच्या हंगामात सहापैकी पाच संघ जर्मनीतले होते, यावरून बाकी युरोपची हौस किती होती ते कळतं.

आता खर्चाकडे ये. आठ संघ, प्रत्येकात पन्नास खेळाडू, प्रत्येक संघाचे दहा सामने, म्हणजे एकूण 40 सामने. यूएफएल या वसंतातल्या लीगमधला 2024 चा आठवड्याला 5,500 डॉलरचा दर धर. एका खेळाडूचे 55,000, सगळ्यांचे मिळून 2 कोटी 20 लाख डॉलर. तिकीटबारीवर सामन्याला 12,000 माणसं आणि माणशी प्रत्यक्ष हाती पडणारे 20 डॉलर धरले, तर 96 लाख होतात. म्हणजे खेळाडूंचा निम्मा पगारही निघत नाही. प्रशिक्षक, विमानप्रवास, हॉटेलं, स्टेडियमचं भाडं अजून यायचंय. तू प्रेक्षकसंख्येला तिकिटाच्या छापील दराने गुणलंयस. फुकट वाटलेले पास त्यातून आधी वजा कर.

पगार कमी करून हा मेळ बसणार नाही. 2024 मध्ये एनएफएलच्या प्रॅक्टिस स्क्वॉडमधल्या (सरावापुरत्या राखीव चमूतल्या) नवख्यालाही आठवड्याला 12,500 डॉलर मिळत होते, तेही सामन्यात पाऊल न टाकता. तुझ्याकडे खेळाडू येतो तो व्हिडिओसाठी: आपण काय करू शकतो ते एनएफएलच्या निवडकर्त्यांनी पाहावं म्हणून. त्यामुळे हंगाम संपताच एनएफएलकडे जाण्याची मोकळीक करारात स्पष्ट लिही. ती नसेल तर चांगला क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू) फिरकणारही नाही, आणि क्वार्टरबॅक कच्चा असला की पहिल्या दोन आठवड्यांतच टीव्हीवरचा प्रेक्षक चॅनेल बदलतो. 2001 च्या एक्सएफएल या लीगचं तेच झालं. पहिल्या रात्री गर्दीने पाहिलेली ती लीग एका हंगामात आटोपली.

तुझ्या तक्त्यात विम्याची ओळच नाही. खेळाडू जायबंदी झाला तर भरपाई द्यावी लागते, आणि त्याचे कायदे राज्यागणिक बदलतात. फ्लोरिडाच्या कायद्यात व्यावसायिक खेळाडूंना हे संरक्षण नाही. म्हणून 2019 मध्ये ॲलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल या लीगमधला ऑरलँडोचा संघ घरचे सामने ऑरलँडोत खेळायचा आणि सरावाला बसने सीमेपलीकडे जॉर्जियातल्या किंग्जलँड गावी जायचा. त्या बसचं भाडं, तिकडचं मैदान, वाया गेलेले तास हे सगळं विम्याच्याच खात्यात येतं. शहर ठरवण्याआधी त्या राज्यातल्या विमा दलालाकडून लेखी दर घे.

त्याच लीगकडून दुसरा धडा. 9 फेब्रुवारीला पहिला सामना झाला. लगेचच पैशाची ओढाताण सुरू झाली, तेव्हा टॉम डंडन या गुंतवणूकदाराने 25 कोटी डॉलरची हमी दिल्याचं जाहीर झालं. आठ आठवडे खेळून 2 एप्रिलला काम थांबलं, 17 तारखेला दिवाळखोरीचा अर्ज गेला. तेव्हा 'कबूल केलेली रक्कम' आणि 'बँकेत जमा रक्कम' असे दोन रकाने कर आणि हंगामाचा खर्च फक्त दुसऱ्यातून भागव.

शरद ऋतूत जाण्याची कल्पना सोडून दे. 1983 ला वसंतात सुरू झालेली जुनी यूएसएफएल 1986 पासून शरदात जाऊन एनएफएलशी भिडणार होती. एनएफएलविरुद्धचा मक्तेदारीचा खटला ती जिंकली, पण भरपाई मिळाली 1 डॉलर, कायद्याने तिप्पट होऊन 3. शरदातला तो हंगाम झालाच नाही.

गावांबद्दल मात्र तुझी निवड चांगली आहे. सेंट लुइसमधून एनएफएलचा रॅम्स संघ गेल्यावर तिथला प्रेक्षक उपाशी होता, म्हणून तिथल्या बॅटलहॉक्स या यूएफएल संघाच्या सामन्यांना 2024 मध्ये सरासरी तीस हजारांवर लोक आले. हा आकडा बाकी सात गावांना लावू नकोस. पहिल्या वर्षी सगळे सामने एकाच ठिकाणी खेळवायचे असतील तर 2022 ची नवी यूएसएफएल पाहा: साखळीचे सगळे सामने बर्मिंगहॅमला. प्रवास वाचला, पण ज्या संघाचं ते गाव नाही त्याच्या सामन्याला स्टँड रिकामे. आपल्याकडेही 2012 मध्ये एलिट फुटबॉल लीगमध्ये 'पुणे मराठाज' होते. त्यांचे सामने झाले कोलंबोत, पुणेकरांना पत्ताही नव्हता.

टीव्हीच्या रकान्यात हक्कांची रक्कम शून्य धरूनच सुरुवात कर. 2020 मध्ये पुन्हा सुरू झालेल्या एक्सएफएलमध्ये चॅनेलांनी निर्मितीखर्च उचलला, हक्कांचे पैसे दिले नाहीत. सध्याच्या यूएफएलमध्ये फॉक्स या टीव्ही कंपनीची मालकीतच भागीदारी आहे. दाखवणाऱ्यालाच भागीदार करता येईल का, हे तपास.

तक्ता दुरुस्त करून पाठव. विम्याचे दर आल्याशिवाय मात्र नको.

तुझा,
मार्गदर्शक