डॅम्पिंग : दमन, घर्षण की अवमंदन?

प्रश्न असा आहे : ॲपमधल्या स्प्रिंग ॲनिमेशनबद्दल (बटण जणू स्प्रिंगला बांधलेलं असावं तसं हेलकावत जागेवर येतं, त्याबद्दल) मराठीत लिहिताना 'डॅम्पिंग'ला, म्हणजे ते हेलकावे शमवणाऱ्या विरोधाला, 'दमन' म्हणावं, की सरळ 'घर्षण'?

'दमन' नको. इंद्रियदमन काय, दमनशाही काय, त्यात बाहेरून कुणीतरी दाबून टाकतंय.

'घर्षण' तर नकोच, कारण ती गोष्टच वेगळी. रिॲक्ट स्प्रिंग या ॲनिमेशनच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) डॅम्पिंगच्या आकड्याला 'फ्रिक्शन' म्हटलंय, त्यामुळे घोळ वाढतो. डॅम्पिंगचा विरोध वेगाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला की विरोधही निम्मा. कोरडं घर्षण मात्र वेग कितीही असो, तेवढंच राहतं. समजा बटणाचं वस्तुमान 1, स्प्रिंगची ताठरता 100, अंतर पिक्सेलमध्ये आणि घर्षणाचं बल 200. मुक्कामापासून, म्हणजे थांबायच्या जागेपासून, 2 पिक्सेलच्या आत आलं, की स्प्रिंगची ओढ 200 च्या खाली जाते. बटण तिथे थांबलं, तर अडकूनच बसतं, किंचित सरकलेलं. डॅम्पिंग असेल तर ते नेमक्या जागी येतं.

'अवमंदन' हा शास्त्रीय लेखनातला शब्द, आणि तोच बरोबर. फक्त त्यातल्या 'मंद'मुळे वाटतं, की आकडा वाढवला की ॲनिमेशन संथ होणार. नेहमी तसं होत नाही! ताठरता आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घेऊन दुप्पट करा. वरच्या उदाहरणात 20 येतात. हे क्रांतिक अवमंदन, म्हणजे मुक्काम न ओलांडता सर्वांत लवकर स्थिरावण्याची सीमा. अवमंदनाचा आकडा 2 ठेवला तर बटण जवळजवळ 4 सेकंद हेलकावत राहतं. 10 ठेवला तर मुक्काम सुमारे 16 टक्के ओलांडून परत येतं. 20 ला न ओलांडता अर्ध्या-पाऊण सेकंदात स्थिरावतं. खरा संथपणा त्यापुढचा : 40 ला दीड सेकंद लागतो. रिॲक्ट स्प्रिंगमध्ये आयते मिळणारे आकडे ताठरता 170 आणि अवमंदन 26 असे आहेत. वस्तुमान 1 धरलं, तर 170 च्या वर्गमुळाची दुप्पट 26.08, म्हणजे अगदी काठावर.

म्हणून नाम 'अवमंदन' ठेवावं आणि क्रियापद 'ओसरणे' घ्यावं. पूर ओसरतो, ताप ओसरतो, तसेच हेलकावे ओसरतात. पाळण्याचा झोका सोडून दिला की जे होतं, ते या शब्दात नेमकं उतरतं.

एक पथ्य मात्र पाळावं. 'वेग दर फ्रेमला (पडद्यावरच्या दर नव्या चित्राला) ओसरतो' असं लिहू नये. वाचणारा कोडही तसाच लिहितो. दर फ्रेमला वेग 0.9 ने गुणला, तर सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर सेकंदाअखेर 0.2 टक्के वेग उरतो आणि 30 फ्रेमच्या पडद्यावर 4 टक्के. तेच बटण दोन फोनवर दोन तऱ्हांनी थांबतं. 'दर सेकंदाला इतका ओसरतो' असं लिहावं, आणि कोडमध्ये 0.9 चा घात फ्रेमच्या कालावधीवरून काढावा : सेकंदातला कालावधी गुणिले 60.