एकाच ट्रेमध्ये मासे-भाज्या भाजताना बटाटे कच्चे आणि मासा कोरडा का होतो?
दोन्ही एकदम ठेवल्यामुळे. ओव्हन २०० अंशांवर तापवा. बटाटा-गाजराच्या पातळ चकत्यांना करडईचं तेल आणि मीठ चोळून आधी वीसेक मिनिटं भाजा, मग त्यावर मासा ठेवून आणखी पंधरा मिनिटं.

आमच्याकडे पैठणच्या नाथसागरातला रोहू येतो. तुकडे धुतले की कापडानं कोरडे टिपून घ्या, नाहीतर सगळं उकडल्यासारखं लागतं. मग हळद, ठेचलेला लसूण, लिंबू आणि चमचाभर काळा मसाला लावून अर्धा तास ठेवते. सुरीचं टोक लावल्यावर मांस पाकळ्यांसारखं सुटलं, की झालं. तेवढ्यावरच थांबा.

रोहूला बारीक काटे फार असतात. लेकरांना वाढताना बोटांनी चाचपून काढाच. सोबत ज्वारीची गरम भाकरी.