पुट्टी का सुटते आणि गिट्टी का निघते

प्रश्न : आमच्या बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत पुट्टी फुगून पोपडे पडतात, पांढरी भुकटी सुटते. दोनदा पुट्टी-रंग करून झाला. आता रंगारी म्हणतो, डॅम्पप्रूफ कोट मारू. मारावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आत्ता नको. पुट्टी पाणी अडवत नाही, आणि आतून येणारं पाणी कुठलाही कोट फार काळ अडवत नाही. विटांतून आणि प्लास्टरमधून झिरपणारं पाणी वाटेतले क्षार विरघळवून पृष्ठभागापर्यंत आणतं. तिथे पाणी उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक पुट्टीला मागून ढकलतात. ती पांढरी भुकटी म्हणजे हेच क्षार. भिंतीवर घट्ट कोट मारलात तर पाणी वर चढून तीन-साडेतीन फुटांवर फुटेल, किंवा कोट फुग्यासारखा सुटेल. तेव्हा रंगाऱ्याआधी प्लंबर.

पाणी कुठून येतं, हे दोन चाचण्यांत कळतं. पहिली पाइपची. भिंतीतल्या लाइनला प्लंबर हातपंप आणि प्रेशर गेज लावतो. सगळे नळ बंद ठेवून दाब भरल्यावर अर्धा-पाऊण तासात काटा खाली आला, तर पाइप किंवा एखादा जोड गळतोय. मग फरशीला हात लावायचं कारण नाही, तेवढाच जोड उघडायचा. दुसरी चाचणी जमिनीची. नहाणी ट्रॅपचं (पाणी निघून जातं त्या जाळीखालच्या भांड्याचं) तोंड कापड गुंडाळलेल्या बुचाने बंद करून बाथरूममध्ये इंचभर पाणी साठवा आणि २४ तास ठेवा. उंबरठ्याबाहेर पाणी जाणार नाही ना, हे आधी बघा. पाण्याची पातळी उडून जाईल त्यापेक्षा स्पष्टपणे उतरली, किंवा खालच्या मजल्यावर छताला डाग आला, तर गळती फरशीतून आहे. खालच्यांना आधी सांगून ठेवा. नंतर सांगितलं की भांडण होतं.

फरशीतून असेल तर बहुतेक वेळा दोनच जागा दोषी निघतात : नहाणी ट्रॅपची कड, आणि भिंत व जमीन मिळते तो कोपरा. टाइल्सच्या सांध्यांत भरलेलं सिमेंटचं ग्राउट दर रविवारच्या ॲसिडने झिजत जातं. बाथरूम चकाचक दिसतं आणि सांधे पोकळ होत असतात. टाइल्स घट्ट असतील, ठोकून पोकळ आवाज येत नसेल, तर आधी एपॉक्सी ग्राउट करून पाहा. जुनं ग्राउट किमान ३ मिमी खोल खरवडून काढा, दोन दिवस बाथरूम पूर्ण कोरडं ठेवा, मगच भरा. ओल्या सांध्यात एपॉक्सी धरत नाही. कामं फसतात ती इथेच, कारण दोन दिवस बाथरूम बंद ठेवायला घरात कुणीच तयार नसतं. एपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, एकत्र झाल्यावर साधारण अर्धा-पाऊण तास हातात असतो, म्हणून एका वेळी थोडंच कालवा आणि टाइलवर पसरलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसा. वाळलेला थर नंतर निघता निघत नाही. ट्रॅपच्या कडेला व्हाइट सिमेंट नको, पॉलियुरेथेन सीलंट भरा. ते थोडं लवचीक राहतं, त्यामुळे तडकत नाही.

ग्राउट करूनही पुढच्या चाचणीत पाणी उतरलं, तर गळती टाइल्सखालच्या कोब्यात आहे. मग फरशी उखडून वॉटरप्रूफिंगला पर्याय नाही. त्यात एवढं लक्षात ठेवा : थर भिंतीवर किमान एक फूट वर वळला पाहिजे, शॉवरच्या भागात पाच-सहा फूट. टाइल्स लावायच्या आधी ४८ तास पाणी साठवून चाचणी झालीच पाहिजे. कंत्राटदाराने "नंतर बघू" म्हटलं, तर पैशांचा हप्ताही नंतर बघा.

भिंतीचं काम गळती थांबल्यावर. ओलीच्या सर्वांत वरच्या खुणेच्या एक फूट वरपर्यंत प्लास्टर काढा. क्षार कोरड्या तारेच्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलेत तर ते पुन्हा आत जातील. भिंत वाळली का, हे बघायला फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेप लावून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले, तर अजून थांबा. मग सिमेंट-वाळूचं १:४ चं प्लास्टर, सिमेंटच्या प्रत्येक ५० किलोच्या गोणीला साधारण २०० मिली वॉटरप्रूफिंग लिक्विड (डब्यावरचं प्रमाण वेगळं असेल तर ते पाळा), सात दिवस पाणी मारणं आणि त्यानंतर किमान तीन आठवडे काहीही न करणं. पुट्टी त्यानंतर. या भिंतीला जिप्सम किंवा पीओपी अजिबात नको, ते ओलीने मऊ पडतं. आणि कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, दोन इंच जागा सोडा.

खर्चाचं विचाराल तर आपल्याच बाथरूमची गळती आपल्याच खर्चाने. बाहेरच्या सामायिक पाइपमधून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल, तर ते काम गृहनिर्माण संस्थेचं. ही लेखी तक्रार जून उजाडायच्या आत द्या.

प्रश्न : नवीन फ्लॅटमध्ये पुस्तकांसाठी तीन फुटी फळी लावली. आठवड्यात स्क्रू गिट्टीसकट बाहेर आले. भोक बुजवून पुन्हा लावली, पुन्हा तेच.
— एक वाचक, पुणे

उत्तर : भोकातून कुठल्या रंगाची भुकटी आली, ते आठवा. लाल असेल तर वीट. करडी असेल आणि ड्रिल रेटून रेटून जेमतेम शिरलं असेल, तर आरसीसी, म्हणजे सळयांचं काँक्रीट. पांढुरकी, हलकी असेल आणि ड्रिल लोण्यात शिरावं तसं गेलं असेल, तर सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक. नव्या इमारतींत बहुतेक हाच असतो. पहिले १२-१५ मिमी फक्त प्लास्टर असतं हेही धरा. दीड इंची गिट्टीचा तिसरा भाग प्लास्टरमध्येच राहिला, तर ती धरणार कशाला?

सिपोरेक्समध्ये हॅमर मोड बंद ठेवायचा. ठोके बसले की भोक आतून मोठं होतं आणि गिट्टी सैल बसते. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. साध्या गिट्टीऐवजी १० मिमी जाड, ८० ते १०० मिमी लांब नायलॉन फ्रेम प्लग घ्या. ब्लॉक फारच भुसभुशीत वाटला, तर भोक एक साइज बारीक पाडा. भोकातली भुकटी पंपाने उडवा. तोंडाने फुंकलीत तर ती सरळ डोळ्यांत जाते. जुन्या भोकांत पुन्हा काही ठोकू नका. ती बुजवा आणि दोन-तीन इंच सरकून नवीन पाडा.

आता वजन. पुस्तकं फूटभराला सहज ८-१० किलो होतात, दिवाळी अंकांचे गठ्ठे त्याहून जास्त. म्हणजे तीन फुटी फळीवर २५-३० किलो, आणि ओढा मुख्यतः वरच्या स्क्रूंवर. ब्रॅकेटचा उभा पाय जितका लांब, तितका हा ओढा कमी. दहा इंच रुंद फळीला दहा इंचच उभा पाय असलेला ब्रॅकेट घ्या, आणि दोनऐवजी तीन लावा. २५ लिटरचा गीझर टांगायचा असेल, तर पाण्यासकट पस्तीसेक किलो होतात. त्याला फ्रेम प्लगवर सोडू नका. केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) लावा किंवा भिंतीच्या पलीकडे पट्टी घेऊन आरपार बोल्ट घाला.

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली सहा-सहा इंचांच्या पट्ट्यात आणि नळाच्या सरळ वर ड्रिल मारू नका. वायरिंग आणि पाइप बहुधा तिथूनच गेलेले असतात. आणि त्या खोलीचा एमसीबी पाडून काम करा. ड्रिलसाठी वीज दुसऱ्या खोलीतून घ्या.

प्रश्न : अकरा महिन्यांचा करार संपतोय, घर बदलतोय. फ्रंट लोड वॉशिंग मशीन आणि फ्रिज तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवायचे आहेत. लिफ्ट नाही. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मशीन घेतलं तेव्हा मागच्या बाजूचे तीन-चार लांब बोल्ट मेकॅनिकने काढून दिले असतील. ते ट्रान्झिट बोल्ट शोधा. आत ड्रम स्प्रिंगांवर लोंबकळत असतो, त्याला काँक्रीटचं वजन बांधलेलं असतं. बोल्ट न लावता टेम्पोत चढवलं, तर पहिल्याच खड्ड्यात तो बॉडीवर आपटतो. मागची प्लास्टिकची झाकणं काढून बोल्ट घट्ट बसवा. हरवले असतील तर मॉडेल नंबर सांगून सर्व्हिस सेंटरकडून मागवा आणि त्यासाठी काही दिवस हाताशी ठेवा. नव्या घरी मशीन सुरू करण्याआधी ते आठवणीने काढा, नाहीतर स्पिनमध्ये मशीन बाथरूमभर नाचेल.

न्यायच्या आधी नळ बंद करा, इनलेट पाइप काढा, खालची फिल्टरची खिडकी उघडून उरलेलं पाणी परातीत काढा. मशीन ६०-७० किलोचं असतं. दोघांनी पट्ट्यावर उचला, दरवाजाला धरून अजिबात नको. जिन्याच्या वळणाची रुंदी आदल्या दिवशीच टेपने मोजा.

फ्रिज आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळू द्या. मागे कॉम्प्रेसरवरचा पाण्याचा ट्रे रिकामा करा, काचा काढून चादरीत गुंडाळा. उभाच न्या. जिन्यात कलवावा लागला तरी ४५ अंशांपेक्षा जास्त नको. आडवा झालाच तर कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपमध्ये शिरतं. म्हणून नव्या घरी रात्रभर उभा ठेवून मगच सुरू करा. उभाच आणला असेल तर दोन-तीन तास पुरतात.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो बंद करून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बॅटरी उभीच राहिली पाहिजे, आत ॲसिड आहे.

प्रश्न : स्प्लिट एसी काढून दुसरीकडे लावायचा. गॅस नव्याने भरावाच लागतो, असं मेकॅनिक म्हणतो. खरं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भरावाच लागेल असं नाही. एसी चालू स्थितीत असेल तर सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घेता येतो. कूलिंगवर दहा मिनिटं चालवून बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा. जाड पाइपवरच्या गेजचा काटा शून्याजवळ आला, की जाड पाइपचाही बंद करायचा आणि लगेच एसी बंद. मेकॅनिककडे गेज नसेल, तर दुसरा बघा. नव्या जागी पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप पंधरा-वीस मिनिटं चालला पाहिजे. गॅसचा फवारा सोडून हवा काढणाऱ्याला थांबवा. त्यात गॅस तर वाया जातोच, शिवाय पाइपमध्ये बाष्प राहतं. आर-३२ गॅस असेल तर तो पेट घेऊ शकतो, म्हणून जवळपास ज्योतीचा टॉर्च किंवा विडी-सिगारेट चालणार नाही. पाइप पूर्वीपेक्षा लांब टाकावा लागला, तर वाढीव लांबीपुरता थोडा गॅस मात्र खरोखर लागतो.

प्रश्न : पार्टिकल बोर्डचं कपाट खोलून पुन्हा जोडलं, आता बिजागरीचे स्क्रू घट्ट बसत नाहीत.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : भोकात फेविकॉल लावून काड्यापेटीच्या काड्या गच्च ठोका, वरचं टोक कापा, २४ तास वाळू द्या. मग बारीक बिटने पायलट भोक पाडून तोच स्क्रू हाताने पिळा, ड्रिलने नाही. बोर्ड पाण्याने फुगला असेल तर हा उपाय चालत नाही. तिथे बिजागरी दोन इंच वर किंवा खाली कोऱ्या जागी हलवा.