पगार लांबतोय: थांबू की निघू?

प्रश्न: पाच वर्षं एका छोट्या कंपनीत नोकरी करतो. पगाराची तारीख 7, पण वर्षभर तो कधी 20 तारखेला, तर कधी थेट पुढच्या महिन्यात होतो. सध्या दोन महिन्यांचा बाकी आहे. मालक म्हणतात, "मोठं बिल अडकलंय, ते आलं की सगळ्यांचे चुकते करतो." दुसरीकडून बोलावणं आलंय, पण तिथे पगार 5 टक्के कमी आणि सहा महिने प्रोबेशन. इथून निघालो तर थकलेले पैसे बुडतील, ही भीती आहे.

उत्तर: तुम्ही थांबलात म्हणून ते दोन महिने सुरक्षित होत नाहीत, त्यात तिसऱ्याची भर मात्र पडते. थकलेला पगार म्हणजे तुम्ही कंपनीला दिलेली बिनव्याजी उधारी. नोकरी सोडल्यानं ती माफ होत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1949 सालच्या वेतन संरक्षण करारातही (क्रमांक 95) नोकरी संपल्यावर सगळं देय वेतन चुकतं करावं, असं म्हटलंय. म्हणून ते दोन महिने निर्णयातून बाजूला काढा. राहिलात काय, गेलात काय, ते मागायचेच आहेत.

आता पुढचा हिशेब. 5 टक्के कमी पगार म्हणजे वर्षाला आजच्या पगाराचे 11.4 महिने. फरक 0.6 महिन्याचा, साधारण 18 दिवसांचा. पुढच्या वर्षभरात इथे 18 दिवसांहून जास्त पगार बुडेल असं वाटत असेल, तर कमी पगाराची नोकरीच जास्त पैसे देते.

बुडेल की नुसताच लांबेल, हे ओळखायला बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसा. बारा महिन्यांची देय तारीख, जमा तारीख आणि मधले दिवस एका कागदावर मांडा. 15, 0, 12, 0 असे आकडे आले तर वसुली मागेपुढे होतेय, एवढंच. 6, 11, 19, 34 असे चढत गेले तर कंपनी या महिन्याच्या वसुलीतून मागच्या महिन्याचा पगार भागवतेय. अर्धा पगार आज, अर्धा नंतर, हे त्याच्या पुढचं पाऊल. त्याहून वाईट म्हणजे स्लिपवर कपात दिसते, पण निवृत्तिनिधीच्या किंवा कराच्या तुमच्या खात्यात भरणा नाही. हे आजच तपासा. तुमच्या पगारातून कापलेले पैसे मालक फिरवत असेल, तर "बिल अडकलंय" याला फारसा अर्थ राहत नाही. पुरवठादार उधार द्यायचे थांबले, अकाउंट्समधला जुना माणूस सोडून गेला, याही खुणाच.

मालकांना तोंडी विचारू नका, मेल करा: "माझा अमुक व तमुक महिन्याचा पगार जमा झालेला नाही. किती रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल, कृपया कळवावे." तारीख आली आणि ती पाळली गेली, तर विचाराला जागा आहे. गोलमोल उत्तर आलं किंवा आलंच नाही, तर मागणी केल्याचा पुरावा तरी हाती राहिला. नियुक्तीपत्र, स्लिपा, हजेरी, शिल्लक रजा आणि हा मेल यांच्या प्रती घरी ठेवा, राजीनाम्यानंतर कंपनीचं मेल खातं त्याच दिवशी बंद होऊ शकतं. कंपनीच्या फायलींना मात्र हात लावू नका.

थकबाकी फार वाढू देऊ नका, यामागे आणखी एक कारण आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली तर प्राधान्यानं मिळणाऱ्या वेतनाला बहुतेक ठिकाणी मर्यादा असते. त्याच संघटनेच्या 1992 सालच्या करार क्रमांक 173 मध्ये हे प्राधान्य किमान तीन महिन्यांच्या वेतनाला द्यावं, असं आहे. देशोदेशीचे नियम वेगळे, पण चौथा महिना थकू देणं हा जुगारच.

नव्या ठिकाणालाही हीच चाळणी लावा. तिथल्या कुणाला "कंपनी कशी आहे?" विचारलं तर "चांगली आहे" एवढंच कळेल. "गेल्या तीन महिन्यांत पगार कोणत्या तारखेला झाला?" असं विचारा. पत्रात हुद्दा, ठरलेला आणि कामगिरीवर अवलंबून असलेला पगार वेगवेगळा, रुजू व्हायची तारीख आणि प्रोबेशनमधली दोन्ही बाजूंची नोटिस लिहून घ्या. "पडताळणीच्या अधीन" असं पत्रात असेल, तर पडताळणी उरकल्याशिवाय राजीनामा नको. फोनवरच्या होकारावर तर मुळीच नाही.

राजीनामा दोन ओळींचा, तक्रारी वगळून. थकबाकीचं पत्र वेगळं. कामं सोपवल्याची यादी करून तिच्यावर सही घ्या. आणि "माझे काहीही येणे नाही" अशा कागदावर पैसे खात्यात दिसेपर्यंत सही करू नका, "फक्त फॉर्मॅलिटी आहे" असं कुणी म्हणालं तरी. नोटिसचा एक महिना बिनपगारी गेला आणि नव्या ठिकाणचा पहिला पगार महिनाभरानं झाला, तर दोन महिने हात कोरडे. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय तारीख ठरवू नका.

प्रश्न: दोन महिन्यांचा पगार थकलाय. नोटिस न देता उद्यापासून गेलो नाही तर?

उत्तर: करारात नोटिसऐवजी पगार कापण्याचं कलम असेल, तर मालक एक महिना वळता करून घेईल आणि तुमचं येणं निम्म्यावर येईल. पगार न देणं हाच करारभंग मानून ताबडतोब निघता येतं, असं काही देशांच्या कायद्यांत आहे, पण ते कामगार कार्यालयात किंवा वकिलाकडे आधी विचारून. सोडून गेल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

प्रश्न: राजीनामा देताच मालक 20 टक्के वाढ द्यायला तयार झाले. थांबू का?

उत्तर: आधी थकबाकी मागा, वाढीचं मग बोलू म्हणा. जुना पगार देता येत नाही तिथे 20 टक्के वाढ म्हणजे पुढच्या वेळी 20 टक्के मोठी थकबाकी. सगळी बाकी खरोखरच या आठवड्यात जमा झाली, तरी नव्या कंपनीला नकार कळवण्याआधी वर सांगितलेला बारा महिन्यांचा कागद पुन्हा एकदा पाहा.