घरातल्या रोजच्या जगण्याचे फोटो परक्याने काढल्यासारखे का वाटतात?

तुम्ही विचारलंय की घरच्यांचे फोटो तांत्रिकदृष्ट्या नीट येतात, पण त्यात जिव्हाळा दिसत नाही. माझ्या मते कारण बहुतेक वेळा अंतर हेच असतं. झूम लावून लांबून टिपलेला माणूस लांबचाच वाटतो. ३५ किंवा ५० मिमीची, झूम न होणारी एकच लेन्स लावा आणि स्वतः दोन पावलं पुढे जा.

अमेरिकी छायाचित्रकार सॉल लायटर यांचे फोटो आवर्जून बघा. १९४६ मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि पुढची कित्येक दशकं मुख्यतः आपल्या घराच्या आसपासच फोटो काढत राहिले. पावसाने ओघळलेली काच, तिच्यामागे धूसर झालेला माणूस, कोपऱ्यात लाल छत्री. बस, एवढंच. त्यांच्या रंगीत कामाची खरी दखल घेतली गेली ती २००६ नंतर, म्हणजे वयाची ऐंशी ओलांडल्यावर. मला ही चिकाटी फार मोलाची वाटते.

चेहऱ्याच्याच मागे लागू नका. आई चष्मा पुसते तेव्हा तिचा अंगठा काचेवर गोल फिरतो, ते टिपा. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद ठेवा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) वाढून फोटोत थोडे दाणे आले तर येऊ देत.

आणि हो, ज्यांचा फोटो काढला त्यांना तो आधी दाखवा. नको म्हणाले तर लगेच काढून टाका, वाद घालू नका. कॅमेरा समोर असतानाही माणसं निवांत राहतात ती या भरवशावरच.