अँटिव्हायरस काढल्यावर लॉगिनला हँग होणारा लॅपटॉप: फॉरमॅट मारण्याआधी काय तपासावे

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुदत संपलेला अँटिव्हायरस आपण कंट्रोल पॅनेलमधून काढला, विंडोज १० असलेला लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि तेव्हापासून पासवर्ड टाकल्यावर ‘वेलकम’चे वर्तुळ थोडा वेळ फिरून सगळे जागच्या जागी थांबते. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारायला सांगितले आहे आणि लॅपटॉपमध्ये दुकानाचे तीन वर्षांचे हिशेब आहेत. माझे पहिले सांगणे हे, की इतक्यात फॉरमॅट मारू देऊ नका. अँटिव्हायरस काढल्याबरोबर सुरू झालेला हा त्रास बहुतेक वेळा त्याच्या मागे राहिलेल्या अवशेषांमुळे होतो आणि आपल्या फायलींना धक्का न लावता तो दूर करता येतो.

अँटिव्हायरस इतर प्रोग्रामसारखा आपल्या फोल्डरपुरता राहत नाही. उघडली जाणारी प्रत्येक फाइल त्याला आधी तपासायची असते, म्हणून तो विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, स्वतःचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला जोडून चालणारे छोटे प्रोग्राम, बसवतो. नेटवर्कसाठी वेगळा ड्रायव्हर असतो आणि काही उत्पादने पासवर्डची चोरी टाळण्यासाठी कीबोर्डवरही एक बसवतात. (१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, ते सुरक्षा सॉफ्टवेअर इतक्या खोलवर बसलेले असते म्हणूनच.) चालू असलेला ड्रायव्हर लगेच काढता येतोच असे नाही, त्यामुळे अनइन्स्टॉलर काही काम रीस्टार्टनंतरसाठी ठेवतो. ते काम मध्येच अडले तर दोनपैकी एक अवस्था उरते: ड्रायव्हरची फाइल गेली पण रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली, नोंद राहिली, किंवा ड्रायव्हर राहिला पण त्याला उत्तर देणारी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, गेली. दुसऱ्या अवस्थेत ड्रायव्हर प्रत्येक फाइलबद्दल विचारणा करतो आणि कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत राहतो. पासवर्ड टाकल्यावर शेकडो फायली एकदम उघडाव्या लागतात, म्हणून नेमके तिथेच सगळे अडते.

आता एक साधी तपासणी करा. लॅपटॉप हँग झाला की कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का आणि माउसचा बाण हलतो का, ते पाहा. दोन्ही चालत असतील तर कर्नेल जिवंत आहे आणि एखादी सर्व्हिस अडकली आहे. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबल्यावर निळा पडदा आला तर त्यातून टास्क मॅनेजर उघडून डिस्क किती व्यग्र आहे ते बघा. दुसरा अँटिव्हायरस निघाला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर त्याच्या पहिल्या तपासणीत लॅपटॉप मेल्यासारखा वाटू शकतो; म्हणून एकदा अर्धा तास चार्जर लावून तसाच राहू द्या. दिवाही हलत नसेल आणि बाणही हलत नसेल, तर दोष ड्रायव्हरचा धरावा.

बाण हलतो पण एकही कळ चालत नाही, अशी तिसरी शक्यता लोक विसरतात. माझ्या आतेभावाच्या सांगलीतल्या कार्यालयात हेच झाले होते. त्याने दोन नवे कीबोर्ड आणून पाहिले, दोन्ही तसेच. पडद्यावरच्या कीबोर्डवर माउसने पासवर्ड टाकला तेव्हा विंडोज व्यवस्थित उघडले. उपकरणांची यादी दाखवणाऱ्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डपुढे पिवळा त्रिकोण आणि कोड ३९, म्हणजे ड्रायव्हर सुरू होत नसल्याची खूण, दिसत होती. रजिस्ट्रीत कीबोर्डच्या वर्गाखाली ‘अपरफिल्टर्स’ या नोंदीत, म्हणजे कीबोर्डसोबत चालवायच्या ड्रायव्हरांच्या यादीत, दोन ओळी होत्या: एक विंडोजची ‘केबीडीक्लास’ आणि दुसरी काढून टाकलेल्या अँटिव्हायरसच्या ड्रायव्हरची, ज्याची फाइलच आता डिस्कवर नव्हती. फक्त ती दुसरी ओळ पुसली, रीस्टार्ट केले आणि कळा चालू लागल्या. ‘केबीडीक्लास’ मात्र कधीही पुसू नये, नाहीतर कीबोर्ड मुळातच बंद पडतो. डिस्कच्या वर्गातली ‘पार्टमजीआर’ आणि व्हॉल्यूमच्या वर्गातली ‘व्होल्स्नॅप’ या नोंदींनाही हात लावू नये, कारण त्या गेल्या तर विंडोज सुरूच होणार नाही.

आपल्याकडे पासवर्डचा पडदा येतो, त्यामुळे सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर विंडोज चालवण्याच्या अवस्थेत, जाणे सोपे आहे. त्या पडद्यावरच्या पॉवरच्या चिन्हावर जा, शिफ्टची कळ दाबून धरा आणि रीस्टार्ट निवडा. पुढे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन पुन्हा रीस्टार्ट केल्यावर यादी येईल, तिथे ४ दाबा. त्याआधी दोन गोष्टी हाताशी ठेवा. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करण्याच्या सोयीने, बंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, दुसऱ्या फोनवरून आधीच पाहून कागदावर उतरवून घ्या. सेफ मोडमध्ये चार अंकी पिन चालत नाही असेही अनेकदा होते, तेव्हा खरा पासवर्ड आठवत असला पाहिजे.

सेफ मोडमध्ये बाहेरचे बहुतेक ड्रायव्हर आणि सर्व्हिसेस सुरू होत नाहीत. तिथे लॅपटॉप नीट चालला, तर दोष विंडोजचा नसून बाहेरून आलेल्या कशाचा तरी आहे, हे जवळजवळ नक्की झाले. अशा वेळी सर्वांत आधी हिशेबांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. दुरुस्तीला हात त्यानंतर, ही विनंती मी कळकळीने करतो.

मग ज्या कंपनीचा अँटिव्हायरस होता, तिचे खास काढण्याचे साधन वापरा. बहुतेक कंपन्या असे साधन त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट देतात. ते दुसऱ्या संगणकावर उतरवा, पेन ड्राइव्हवर घ्या आणि सेफ मोडमध्ये चालवा. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातींतले ‘रिमूव्हर’ मात्र उतरवू नका. सेफ मोडमध्ये कंट्रोल पॅनेलमधून पुन्हा काढण्याचा प्रयत्न बहुधा फसतो, कारण विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस तिथे चालत नाही. लॅपटॉपसोबत आलेला दुसऱ्या एखाद्या कंपनीचा चाचणी अँटिव्हायरस यादीत दिसला, तर त्याचेही साधन चालवा.

एवढ्याने भागले नाही, तर रजिस्ट्रीत शिरण्याआधी मी सिस्टम रिस्टोअरला, म्हणजे विंडोजला आधीच्या तारखेच्या स्थितीत नेण्याच्या सोयीला, प्राधान्य देईन. अँटिव्हायरस काढण्यापूर्वीचा रिस्टोअर पॉइंट, म्हणजे तेव्हाच्या स्थितीची जपलेली नोंद, असेल तर तो परत आणा. हिशेबांना आणि फोटोंना त्याने धक्का लागत नाही. अँटिव्हायरस परत येईल, तो या वेळी कंपनीच्या साधनाने पूर्ण काढता येईल. पॉइंट नसेल, तर सेफ मोडमध्ये एमएसकॉन्फिग हे विंडोजचे सेटिंग्जचे साधन उघडा, सर्व्हिसेसच्या पानावर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवण्याच्या चौकोनावर खूण करा, उरलेल्या सगळ्या बंद करा आणि नेहमीसारखे लॉगिन करून बघा. चालले, तर अर्ध्या-अर्ध्या सुरू करत गुन्हेगार शोधा. ड्रायव्हर या यादीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच ‘ऑटोरन्स’ उघडा, ते विंडोजसोबत आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवते. ज्याची फाइल सापडत नाही अशी नोंद तिथे पिवळी दिसते. पिवळी दिसली म्हणून ती पुसू नका, फक्त तिच्यापुढची खूण काढा, म्हणजे चूक झाल्यास परत लावता येईल. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीतल्या सिस्टम नोंदींत ७०००, ७०२२ आणि ७०२६ हे सर्व्हिस किंवा ड्रायव्हर सुरू न झाल्याचे किंवा अडकल्याचे क्रमांक शोधा. मात्र हँग झाल्याची वेळ लिहून ठेवून त्या वेळच्याच नोंदी वाचा, कारण सेफ मोड स्वतःच सर्व्हिसेस बंद ठेवून अशा कितीतरी नोंदी करतो.

‘एसएफसी स्कॅननाऊ’ चालवा, असा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. त्याने विंडोजच्या स्वतःच्या फायली दुरुस्त होतात, दुसऱ्या कंपनीचा उरलेला ड्रायव्हर त्याने निघत नाही. म्हणून ते सर्वांत शेवटी चालवावे. ‘रेगबॅक’ फोल्डरमधून जुनी रजिस्ट्री परत आणण्याचा जुना उपायही टाळा, कारण विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून तिथे आपोआप प्रत निघत नाही, आणि तिथल्या शून्य आकाराच्या फायली मूळ जागी ठेवल्या तर चालू शकणारे विंडोजही बंद पडेल.

लॉगिन सुरळीत झाले की विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर सुरू झाल्याची खात्री करा. सेफ मोडमध्येही लॅपटॉप हँग झाला तर मात्र डिस्कच खराब होत असण्याची शक्यता आहे, आणि तेव्हा पुढचे काहीही न करता आधी हिशेब बाहेर काढून घ्यावे लागतील. कॅप्स लॉकचा दिवा हलतो का, सेफ मोडमध्ये काय झाले आणि अँटिव्हायरस कोणता होता, एवढे कळवा. पुढचे नेमके पाऊल त्यावरून सांगतो.