पीपीपीचा आकडा आणि तुमची पिशवी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात वर्षाला २८ लाखांची नोकरी आहे, न्यू जर्सीहून १ लाख १० हजार डॉलरची ऑफर आली आहे, आणि नेटवरचा पीपीपी (क्रयशक्ती समता, म्हणजे दोन देशांतल्या भावांचा फरक धरून काढलेला चलनाचा दर) कॅल्क्युलेटर सांगतोय की त्याचे इथले साडेबावीस लाखच होतात. म्हणजे जाणं तोट्याचं. मग एवढे लोक जातात ते वेडे आहेत का?

वेडे नाहीत, आणि कॅल्क्युलेटरचा गुणाकारही बरोबर आहे. पण तो आकडा अख्ख्या देशाच्या बाजाराचा आहे आणि तुम्ही तो तुमच्या पिशवीला लावताय. मी ७ वर्षं तिकडे राहून परत आलोय, त्यामुळे हा हिशेब दोन्ही बाजूंनी करून झालाय.

आधी तो आकडा येतो कुठून ते बघू. जागतिक बँकेच्या देखरेखीखाली काही वर्षांच्या अंतरानं देशोदेशीचे भाव गोळा केले जातात. तांदूळ, घरभाडं, रिक्षा, डॉक्टरची फी, सिमेंट, यंत्रं, अगदी सरकारी नोकरांचे पगारसुद्धा. त्यांना खर्चातल्या वाट्याप्रमाणे वजन देऊन एक दर काढतात. २०१७ च्या फेरीत भारताचा दर २०.६५ निघाला. त्या वर्षी डॉलरचा बाजारभाव होता ६५.१२. म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जे येतं ते इथे सरासरी २० रुपये ६५ पैशांत यायचं. यातला ‘सरासरी’ हा शब्द लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथेच आहे.

तीनच वस्तू घेऊ. पेठेतल्या साध्या सलूनमध्ये केस कापायला १२० रुपये, न्यू जर्सीत टिप धरून ३० डॉलर: केशकर्तनाचा दर झाला डॉलरला ४ रुपये. दूध इथे लिटरला साठेक रुपये, तिथे साधारण एक डॉलर: दर ६०. आणि आयफोन १६ आला तेव्हा तिथे ७९९ डॉलर, इथे ७९,९०० रुपये: दर चक्क १००. (तिथल्या किमतीवर विक्रीकर वेगळा लागतो, इथल्या किमतीत जीएसटी धरलेला आहे, पण मुद्दा बदलत नाही.) एकाच देशाचे तीन दर, ४, ६० आणि १००. डॉलरला २०-२१ रुपये हा आकडा या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. तुमचा खर्च आयफोन, पेट्रोल, लॅपटॉप, परदेश सहली अशा बाजूला झुकलेला असेल तर तुमचा स्वतःचा दर ४०-४५ च्या घरात सहज जाईल. जो माणूस पगारातला बराचसा भाग धान्य, एसटी आणि खोलीच्या भाड्यावर घालवतो त्याचा वेगळा निघेल.

आता केस कापणं इतकं स्वस्त का, हे बघण्यासारखं आहे. सांगलीचा न्हावी आणि न्यू जर्सीतल्या एडिसनचा न्हावी दोघंही वीस मिनिटंच घेतात. सांगलीवाला उलट मानेला मालिशही करून देतो. कौशल्यात फरक नाही, फरक आजूबाजूच्या नोकऱ्यांत आहे. एडिसनच्या न्हाव्यानं कात्री ठेवली तर त्याला गोदामात नाहीतर ट्रकवर बरा पगार मिळतो, म्हणून त्याला खुर्चीशी टिकवायचं तर तेवढं द्यावं लागतं. सांगलीत तो पर्याय नाही. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ साली वेगवेगळं लिहून हेच मांडलं: ज्या वस्तू जहाजात चढतात त्यांचे भाव जगभर जवळ येतात, ज्या चढत नाहीत त्यांचे भाव स्थानिक मजुरीवर ठरतात. आपल्या मुंबईत जन्मलेले जगदीश भगवती यांनी १९८४ मध्ये यात भर घातली. उत्पादकतेतला फरक बाजूला ठेवला तरी जिथे भांडवल कमी आणि हात जास्त, तिथे हातांची सेवा स्वस्तच राहणार.

थोडक्यात, ‘भारत किती स्वस्त’ म्हणून आपण जे मिरवतो त्यातलं बरंचसं म्हणजे धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा पगार. तो वाढला की आपला पीपीपीचा फायदा तेवढा कमी होतो. आणि मधल्या काळात तसं दिसलंही: जगाची सरासरी १०० धरली तर भारताची भावपातळी २०११ मध्ये ४२.९९ होती, २०१७ मध्ये ४७.५५ झाली. जपानचं उदाहरण याहून ठसठशीत आहे. १९६० च्या दशकात ३६० येनला डॉलर मिळायचा आणि जपान स्वस्त देश होता; १९९५ च्या एप्रिलमध्ये डॉलर ८० येनच्या खाली गेला तेव्हा तोच जपान अमेरिकेपेक्षा महाग झालेला होता.

या आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नका हेही सांगून ठेवतो. २००५ च्या फेरीचे निकाल डिसेंबर २००७ मध्ये आले आणि चीन, भारत या दोघांच्याही अर्थव्यवस्था कागदावर सुमारे ४० टक्क्यांनी आकसल्या. कुणाचं ताट रिकामं झालं नव्हतं. चीन त्याआधी कधी या फेरीत उतरलाच नव्हता आणि भारत १९८५ नंतर उतरला नव्हता. जुन्या भावांना महागाईची ठिगळं लावून काम चाललं होतं. पुढे २०११ च्या फेरीत काटा पुन्हा बराच उलटा फिरला. शिवाय एवढ्या मोठ्या देशाला एकच दर! कोथरूडचं भाडं आणि गडचिरोलीचं भाडं एकाच आकड्यात बसवायचं म्हणजे काय होणार ते तुम्हीच ठरवा.

आता तुमचा खरा प्रश्न. कॅल्क्युलेटर असं धरून चालतो की मिळालेला प्रत्येक डॉलर तुम्ही तिथेच खर्च करणार. पण बचत पीपीपीनं येत नाही, बँकेच्या भावानं येते. कोकणातल्या घराघरांत हे गणित लोकांना पाठ होतं. चाकरमानी गिरणगावात दहाजणांबरोबर एका खोलीत राहायचा, खानावळीत जेवायचा, आणि मनीऑर्डर गावी पाठवायचा. कमाई मुंबईच्या भावानं, खर्च गावच्या भावानं. पुढे रत्नागिरीतून आखातात गेलेल्यांनीही तेच केलं. मीसुद्धा. पहिल्यांदा तिकडे केस कापून आलो तेव्हा मनातल्या मनात गुणाकार करून इतका हादरलो की आम्ही तिघा रूममेट्सनी ट्रिमर विकत घेतला आणि पुढची दोन वर्षं एकमेकांची डोकी भादरली. फोटो आहेत, दाखवणार नाही.

तुमचं ढोबळ गणित मांडतो, डॉलर ८५ ला धरून. कर वगैरे जाऊन तिथे हातात ८० हजार डॉलर येतील. नीट राहायचं तर तिघांच्या कुटुंबाला ६० हजार लागतील. उरले २० हजार, म्हणजे १७ लाख रुपये. इथे २८ लाखांतले हातात बावीस-तेवीस येतात, १३ लाख खर्च धरला तर उरतात नऊ-दहा. म्हणजे पाच-सात वर्षांनी परत यायचं असेल तर एवढ्या आकड्यांपुरती ऑफर चांगली आहे, कॅल्क्युलेटर काहीही म्हणो. कायमचं तिकडे राहायचं असेल तर तुमची बचतही तिथल्याच भावानं खर्च होणार, मग ते १७ लाख एवढे मोठे वाटणार नाहीत. तेव्हा पीपीपीच्या आकड्याला थोडा अर्थ येतो.

तुम्ही खर्चाची जी यादी दिली आहे त्यात दोन ओळी मला दिसल्या नाहीत: मुलीचं पाळणाघर (तिथे महिन्याला दीड-दोन हजार डॉलर धरा, वर सांगितलेल्या ६० हजारांत मी ते धरलेलं नाही) आणि दरवर्षीची भारतवारी. त्या घालून उरलेले २० हजार पुन्हा मोजा आणि इथे टाका, मग पुढचं बोलू.